उसण म्हणून परत पाठवलेला मणका : इंदूरच्या कुटुंबवैद्यांस आणि अस्थिरोगतज्ज्ञांस खुले पत्र

प्रति,
इंदूर शहरातील कुटुंबवैद्य, अस्थिरोगतज्ज्ञ आणि मणक्याचे शल्यचिकित्सक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी या शहरात ३४ वर्षे क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. त्यातली शेवटची ११ वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना क्ष-किरणांचे चित्र दाखवणारे यंत्र, चालवण्यात गेली. मणक्यात सुई घालताना शल्यचिकित्सक ज्या पडद्याकडे पाहत असतात, त्यावरचे चित्र नीट दिसते आहे की नाही हे पाहणे माझे काम होते. मी डॉक्टर नाही. निदान करण्याचा किंवा औषध सुचवण्याचा अधिकार मला नाही आणि या पत्रात मी तो घेणारही नाही. परंतु दबलेले मणके मी नोकरीत इतके पाहिले आहेत की त्यांची मोजदाद राहिली नाही, आणि त्यातले कितीतरी अशा रुग्णांचे होते की जे त्या दुखण्यासाठी आलेच नव्हते. खोकल्यासाठी छातीची फिल्म काढायला आलेल्या एखाद्या आजींच्या बाजूच्या फिल्मवर एक मणका पुढून पाचरीसारखा चेपलेला दिसे. अहवालात फुप्फुसांविषयी सगळे लिहिलेले असे आणि त्या मणक्याविषयी एक अक्षरही नसे. हे पत्र त्या मणक्यांविषयी आहे. नोकरीत असताना जे बोलायला हवे होते ते आज लिहितो आहे, कारण पुढे माझ्याच घरी तेच घडले.

दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, माझी पत्नी राजवाड्याजवळून पूजेचे सामान घेऊन ई-रिक्षाने लोकमान्यनगरला परत येत होती. तिचे वय तेव्हा ७१ होते. एका गतिरोधकावरून रिक्षा वेगाने गेली आणि मागच्या बाकावर बसलेली ती वीतभर उडून खाली आदळली. ती पडली नाही, कुठे खरचटलेही नाही. फक्त बरगड्या जिथे संपतात त्या ठिकाणी पाठीत कळ आली. घरात पाहुणे यायचे होते, म्हणून तिने "उसण भरली आहे, जाईल दोन दिवसांत" असे म्हणून विषय संपवला. दोन दिवसांत ती गेली नाही, तेव्हा शेजारच्या वडीलधाऱ्या बाईंनी पायाळू माणसाचा पाय लावायला सांगितले, आणि आमच्या नात्यातल्या एका पायाळू मुलाने तिला पालथे निजवून तीन वेळा पाठीवरून पाय फिरवला. मी त्या खोलीतच होतो. त्यानंतर ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी वयोमानाने झीज झाली आहे, मणक्यातली गॅप कमी झाली आहे असे सांगून गोळ्या, मलम आणि पट्टा दिला. पाचव्या आठवड्यात ती रात्री कुशीवर वळताना ओरडली, तेव्हा मी तिला घेऊन गेलो आणि बाजूची फिल्म काढवून घेतली. पाठीचा बारावा मणका पुढच्या बाजूने जवळजवळ निम्मा झाला होता. तो ओळखायला मला दोन क्षणही लागले नाहीत, आणि तरीही पाच आठवडे गेले होते.

मी यात कोणा एका डॉक्टरांना दोष देत नाही. उसण, झीज, गॅप हे शब्द आम्हीच आपल्या दारात घेऊन येतो, आणि गर्दीच्या वेळी रुग्णाने आणलेला शब्द मान्य करून पुढे जाणे किती सोपे असते हे मला माहीत आहे. परंतु जगभरच्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे की मणक्याच्या अशा अस्थिभंगांपैकी सुमारे एकतृतीयांशच वैद्यकीय नोंदीपर्यंत पोहोचतात. बाकीचे कंबरदुखी, वय, वात या नावांखाली दडून राहतात. विरळ झालेल्या हाडाला मोडायला पडण्याची गरज लागत नाही. भरलेली बादली उचलणे, गादीखालची चादर ओढण्यासाठी वाकणे, जोराची शिंक येणे एवढेही पुरते. छातीचा बरगड्यांनी बांधलेला ताठ भाग जिथे संपतो आणि कमरेचा हलता भाग जिथे सुरू होतो तिथे ताण एकवटतो, म्हणून पाठीचा बारावा आणि कमरेचा पहिला हे मणके सर्वांत अधिक दबतात. तिथली कळ कधी बरगड्यांवरून पोटाकडे फिरते आणि मग ती पित्ताची किंवा मूतखड्याची समजली जाते. पायात मुंग्या नाहीत, कळ पायात उतरत नाही, म्हणून मणक्याचे काही नसावे असे घरच्यांना वाटते. वास्तविक अशा अस्थिभंगात बहुधा पाय मोकळेच असतात.

म्हणून माझी पहिली विनंती अगदी साधी आहे. साठी ओलांडलेली कोणतीही व्यक्ती, विशेषतः स्त्री, किरकोळ हिसक्यानंतर सुरू झालेली नवी पाठदुखी घेऊन आली, उभे राहताना किंवा कुशीवर वळताना ते दुखणे वाढते आणि आडवे पडल्यावर कमी होते असे म्हणाली, तर त्याच दिवशी बाजूची फिल्म मागवावी. चिठ्ठीवर नुसते "कमरेचा एक्स-रे" असे लिहू नये. समोरून काढलेल्या फिल्मवर दबलेला मणका सहज निसटतो, आणि कमरेची फिल्म काढताना केंद्र खाली धरले तर बारावा मणका चौकटीच्या कडेला जातो. पाठ आणि कंबर यांच्या सांध्यावर केंद्र धरून बाजूने, आणि रुग्णाला झेपत असेल तर उभ्याने, असे लिहिले तर माझे व्यवसायबंधू ते नक्की करतील. उभ्याने यासाठी की ताजा दबलेला मणका निजल्यावर कधी कधी थोडा उघडतो आणि फिल्मवर बरा दिसतो. पहिल्या काही दिवसांत फिल्म निर्दोषही येऊ शकते. दुखणे तसेच राहिले तर एमआरआय करावा, आणि त्यात चरबीची चमक दाबून हाडातल्या मगजातली सूज दाखवणारा स्टिर हा चित्रक्रम असावा. अस्थिभंग ताजा आहे की वर्षांपूर्वीचा, हे त्यावरूनच कळते.

ज्यांच्याकडे फिल्मची सोय नाही त्यांच्याकडेही एक मोजपट्टी असते. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटीमीटर किंवा अधिक उंची घटली असेल तर मणके तपासायला हवेत. आमच्या घरी ही खूण साडीने आधीच दिली होती. त्या घटनेपूर्वी दोन वर्षे माझी पत्नी म्हणत असे की निऱ्या आता जमिनीला लागतात, आणि तिने सगळे परकर आखूड करून घेतले होते. ते ऐकून एकदाही माझ्या मनात काही आले नाही.

पहिला अस्थिभंग विश्रांती, वेदनाशामके आणि पट्टा यांवर दहा-अकरा आठवड्यांत निवला. पुष्कळांचे दुखणे असे सहा ते बारा आठवड्यांत आपोआप उतरते, आणि यामुळेच घात होतो. दुखणे थांबले की प्रकरण संपले असे रुग्णाला आणि डॉक्टरांनाही वाटते. हाड का मोडले हे कोणी विचारले नाही. हाडांची घनता मोजली गेली नाही, औषध सुरू झाले नाही. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की मणका दबलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ पाचातल्या एकीचा वर्षाच्या आत आणखी एक मणका दबतो. माझी पत्नी त्या पाचातली एक झाली. नऊ महिन्यांनी देवघरासमोरून उठताना कमरेचा दुसरा मणका गेला. या वेळी दुसऱ्या दिवशी फिल्म झाली आणि चौथ्या दिवशी एमआरआय.

त्या वेळी आम्हाला भेटलेल्या शल्यचिकित्सकांनी एक गोष्ट केली तिचा उल्लेख मला मुद्दाम करायचा आहे. दबलेल्या मणक्यात सुईने सिमेंट भरण्याचा विषय काढण्याआधी त्यांनी रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. आपल्या देशात दबलेला मणका म्हणजे ठिसूळ हाडच असेल असे धरून चालता येत नाही. तो क्षयाचा असू शकतो, दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगाचा असू शकतो, मल्टिपल मायलोमाचा, म्हणजे हाडातल्या मगजाच्या कर्करोगाचा असू शकतो. जंतुसंसर्ग झालेल्या मणक्यात सिमेंट घालणे म्हणजे मोठे अरिष्ट ओढवून घेणे. शंका असली तर त्याच सुईतून हाडाचा तुकडा तपासणीसाठी घेता येतो, आणि तो घ्यायला हवा.

आता सिमेंटविषयी. व्हर्टेब्रोप्लास्टी, म्हणजे मणक्यात सुईने सिमेंट भरणे, ही प्रक्रिया १९८४मध्ये फ्रान्समधील आमियां येथे गालिबेर आणि देरामों यांनी प्रथम केली, तीही ठिसूळ हाडासाठी नव्हे, तर मानेच्या मणक्यातील रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी. मी तिच्यात कितीतरी वेळा सी-आर्म धरला आहे. रुग्णाला छाती आणि ओटीपोटाखाली उशा देऊन पालथे निजवतात. बहुतेकदा जागा बधिर करून आणि थोडी गुंगी देऊनच काम होते. समोरच्या दृश्यात प्रत्येक मणक्याची दोन पेडिकल्स, म्हणजे मणक्याचे शरीर आणि मागचा भाग जोडणारे हाडाचे दोन दांडे, डोळ्यांसारखी दिसतात, त्या डोळ्यातून सुई आत जाते, आणि ती डोळ्याची आतली कड ओलांडण्याआधी मणक्याच्या शरीरात पोहोचली आहे ना हे बाजूच्या दृश्यात पाहावे लागते, कारण त्या कडेपलीकडे मज्जारज्जूची नळी असते. मग पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे सांधे बदलताना वापरतात तेच हाडांचे सिमेंट, टूथपेस्टइतके घट्ट झाल्यावर थोडे थोडे आत ढकलतात. ते दिसावे म्हणून त्यात बेरियम मिसळलेले असते. दोन-चार मिलिलिटर पुरतात. सिमेंट मणक्याच्या मागच्या भिंतीकडे किंवा शिरेत सरकताना दिसले की तिथेच थांबायचे. ते थोडे बाहेर झिरपणे अनेकदा घडते आणि बहुतेकदा त्याचा त्रास होत नाही, परंतु नळीत गेले तर पाय लुळे पडू शकतात आणि शिरेतून फुप्फुसात गेले तर जीवावर बेतू शकते. कायफोप्लास्टीमध्ये आधी फुगा फुगवून पोकळी करतात आणि मग कमी दाबाने सिमेंट भरतात. त्यात झिरपण्याचे प्रमाण कमी असते, मणक्याची थोडी उंची परत मिळू शकते, पण खर्च बराच वाढतो. ज्या वृद्धांना सकाळी चौघांनी उचलून टेबलावर ठेवले होते, त्यांना संध्याकाळी आधाराने न्हाणीघरापर्यंत चालताना मी पाहिले आहे. ते दृश्य विसरता येत नाही.

परंतु डोळ्यांनी पाहिलेले आणि सिद्ध झालेले यात अंतर असते, आणि ते अंतर रुग्णाला सांगितले जात नाही, ही माझी तक्रार आहे. २००९मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एकात ७८ आणि दुसऱ्यात १३१ रुग्ण होते. निम्म्यांना खरे सिमेंट दिले आणि निम्म्यांच्या बाबतीत फक्त सोंग केले. एका अभ्यासात तर सिमेंटचा तो विशिष्ट उग्र वास खोलीत यावा म्हणून डबीही उघडली होती. दोन्ही गटांचे दुखणे सारखेच उतरले. २०१६मध्ये ऑस्ट्रेलियात १२० रुग्णांवर पुन्हा तसाच अभ्यास झाला, पण त्यात सहा आठवड्यांच्या आतले ताजे अस्थिभंग आणि तीव्र वेदना असलेलेच रुग्ण घेतले होते, आणि तिथे सिमेंटचा लाभ दिसला. २०१८मध्ये नेदरलँड्समधील १८० रुग्णांच्या अभ्यासात तो पुन्हा दिसला नाही. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१३मध्ये दिलेला सल्ला मला यातला समंजस वाटतो: अस्थिभंग ताजा आणि न जुळलेला असावा, योग्य औषधे देऊनही वेदना तीव्र राहिलेली असावी, आणि दुखण्याची जागा तोच मणका आहे हे तपासून आणि चित्रावरून ठरलेले असावे, अशांना सिमेंट द्यावे.

हे सारे रुग्णाला मराठीत किंवा हिंदीत पाच मिनिटांत सांगता येते. आम्ही दोन ठिकाणी विचारले होते. एके ठिकाणी "आजच भरती व्हा, उद्या चालाल" असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी "या वयात सुया कशाला टोचून घेता" असे म्हणून परत पाठवले. दोन्ही उत्तरांत आमच्या निर्णयासाठी काहीच नव्हते. तिसऱ्यांदा जे भेटले त्यांनी सांगितले की तीन आठवडे औषधांवर पाहू, तोवर तिला बसून जेवता आणि चालत न्हाणीघरात जाता आले तर काहीच करायचे नाही, आणि न आल्यास सहा आठवडे उलटण्याआधी सिमेंटचा विचार करू. तीन आठवड्यांनी ती उशीला टेकूनही बसू शकत नव्हती. सिमेंट घातले, आणि चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघरात उभी होती. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही हे मी वर लिहिलेच आहे. पण निवड करण्याची संधी तिला मिळाली ती दुखण्याच्या दुसऱ्या दिवशी फिल्म झाली म्हणून. पहिल्या वेळी आम्हाला कळेपर्यंत त्या सहा आठवड्यांतले पाच गेले होते.

तरुणांच्या अपघाताविषयी थोडेच लिहितो, कारण तिथे निदान सहसा निसटत नाही. गच्चीवरून किंवा परांचीवरून पडलेल्या मजुराचा मणका फुटतो तो निरोगी हाडाचा असतो, आणि तिथे प्रश्न स्थैर्याचा आणि मज्जारज्जूचा असतो. त्वचेतल्या छोट्या छेदांतून स्क्रू आणि सळया बसवण्याची पद्धत अशा काही रुग्णांसाठी फार चांगली आहे. पाठीचे स्नायू हाडापासून सोडवावे लागत नाहीत आणि रक्त कमी जाते. मात्र पायातली शक्ती गेली असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल आणि हाडाचा तुकडा नळीत घुसून मज्जारज्जू दाबत असेल, तर दाब काढणे हे पहिले काम ठरते आणि त्यासाठी उघडी शस्त्रक्रिया लागू शकते. छोटा छेद हाच निकष समजून रुग्णाचे नातेवाईक रुग्णालय निवडताना मी पाहिले आहेत. त्यांना हे आपणच समजावू शकता.

माझी मुख्य विनंती सिमेंटनंतरच्या दिवसाविषयी आहे. सिमेंटने भरलेला मणका एक. त्याच्या खालचे-वरचे सारे मणके तितकेच ठिसूळ राहतात. किरकोळ हिसक्याने मणका दबणे हेच ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराचे निदान आहे, मग घनतेच्या तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.५च्या अलीकडे आला तरीही. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करावी, ती पुढच्या तुलनेसाठी उपयोगी आहे, परंतु ती झाली नाही म्हणून औषध अडवू नये. वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या झोलेड्रॉनिक आम्लाच्या २००७मधील मोठ्या अभ्यासात तीन वर्षांत मणक्यांचे नवे अस्थिभंग ७० टक्क्यांनी कमी झाले होते. मूत्रपिंडाचे काम आणि ड जीवनसत्त्व तपासून ते देतात, एवढे मला आमच्या डॉक्टरांनी सांगितले. आठवड्याची गोळी असेल तर ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसायचे असते. हे न सांगितल्यामुळे चहाबरोबर गोळी घेऊन अंथरुणात परत निजणाऱ्या दोन बाई आमच्याच गल्लीत मला भेटल्या. सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन मध्येच बंद केले तर हाडे झपाट्याने विरळ होऊन एकाच वेळी अनेक मणके दबू शकतात. ते थांबवायचे असेल तर त्याच्या जागी दुसरे औषध ठरवूनच थांबवावे. "बरे वाटले म्हणून पुढची मात्रा घेतली नाही" असे म्हणणारे रुग्ण प्रत्येक दवाखान्यात असतील.

महिनाभर अंथरुणात पडून राहा असेही सांगू नये, कारण निजून राहिल्याने हाड आणि स्नायू दोन्ही आणखी घटतात. वेदना सोसवेल तितके लवकर उठवावे, पुढे वाकण्याऐवजी गुडघ्यात वाकायला शिकवावे, आणि पाठीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून सुरू करावा. आणि प्रत्येक रुग्णाला स्पष्ट विचारावे की पाठीवर कोणाचा पाय फिरवला का, मालिश केली का. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आम्हीही सांगितले नव्हते.

हे सगळे फक्त खाजगी दवाखान्यांना उद्देशून नाही. देवास, धार, खरगोन, खंडवा, बडवानी इथून माणसे महाराजा यशवंतराव रुग्णालयात येतात, रांगेत उभ्या राहणाऱ्या वृद्ध बाईच्या चिठ्ठीवर एक ओळ अधिक लिहायला काही खर्च येत नाही. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ज्यांना मणक्याच्या उपचारासाठी भरती व्हावे लागणार आहे त्यांच्या घरच्यांना त्या कार्डाविषयी आपण तिथेच विचारावे, आणि कोणता उपचार त्यात बसतो ते भरतीआधीच पाहून सांगावे. पैशाच्या भीतीने निर्णय पुढे ढकलला जातो, आणि तेवढ्यात ते सहा आठवडे निघून जातात.

क्ष-किरण आणि सीटी विभागांतल्या माझ्या व्यवसायबंधूंनाही यात सामील करून घ्यावे असे वाटते. अहवाल लिहिणे हे त्यांचे काम नाही, पण छातीच्या किंवा पोटाच्या तपासणीत दबलेला मणका दिसला तर फिल्मबरोबर एक चिठ्ठी जोडायची मुभा त्यांना द्यावी. मला ती कधी मिळाली नाही, आणि मी कधी मागितलीही नाही.

माझ्या पत्नीच्या डिस्चार्ज कागदावर शेवटी तीन ओळी होत्या: कमरेचा दुसरा मणका, ठिसूळ हाडामुळे अस्थिभंग; हाडांचे इंजेक्शन दिल्याची तारीख; पुढच्या वर्षीच्या इंजेक्शनची तारीख. तो कागद आमच्या देवघराशेजारच्या कपाटावर चिकटवलेला आहे. आपल्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर त्या तीन ओळी असाव्यात, एवढे मागण्यासाठी हे पत्र लिहिले.

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ
लोकमान्यनगर, इंदूर